मिडवेची ती 'पाच मिनिटं'

विमानवाहू नौकांचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फॉरवर्ड केला जातो. सारांश असा: दुसऱ्या महायुद्धात, ४ जून १९४२ ला, प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटाजवळ जपानी विमानवाहू नौकांच्या डेकवर विमानं इंजिनं सुरू करून उभी होती, आणखी पाच मिनिटं मिळती तर जपान जिंकला असता. पण अमेरिकी टॉर्पेडो विमानांनी (पाण्यातून जाणारे टॉर्पेडो सोडणाऱ्या) बलिदान देऊन 'झीरो' या जपानी लढाऊ विमानांना खाली ओढलं, वरून अमेरिकी डाइव्ह बॉम्बरांनी (सूर मारून बॉम्ब टाकणाऱ्या विमानांनी) झडप घातली आणि एका सकाळीत जपानचे कसलेले वैमानिक संपले.

या नौकांचं वेड मलाही आहे. म्हणूनच हा मजकूर खटकतो.

आधी डेक. जपानी नौकांवर टॉर्पेडो विमानं खालच्या बंदिस्त हँगरमध्येच सज्ज होत. मग ती लिफ्टने वर आणायची, ओळीत लावायची, इंजिनं तापवायची. हे पाऊण तासाचं काम. तेवढ्या वेळात डेकवर दुसरं विमान उतरू शकत नाही. आणि त्या दिवशी तर सकाळी सातपासून आधी मिडवे बेटावरची, मग अमेरिकी नौकांवरची विमानं लाटांमागून लाटा चाल करून येत होती. झीरोच्या २० मिलिमीटर तोफांना प्रत्येकी जेमतेम ६० गोळ्या. त्या संपल्या की विमान खाली, दुसरं वर. हल्ल्याच्या काही मिनिटं आधीपर्यंत हीच ये-जा चालू होती. मग मोठा हल्ला मांडायला डेक मोकळा होता कधी?

ही गोष्ट पसरली ती मित्सुओ फुचिदांच्या युद्धानंतरच्या आठवणींतून. पर्ल हार्बरच्या हल्ल्याचं नेतृत्व करणारा हा माणूस अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेमुळे त्या दिवशी 'आकागी' या जपानी विमानवाहू नौकेवरच होता, त्यामुळे कोणी शंका घेतली नाही. शिवाय 'थोडक्यात हुकलं' हे हरलेल्यालाही बरं वाटतं आणि जिंकलेल्यालाही. जपानच्या सरकारी युद्ध-इतिहासाने मात्र १९७१ मध्येच नोंदवलं की विमानं हँगरमध्ये होती.

बरं, पाच मिनिटं दिली असं धरू. डाइव्ह बॉम्बर तर डोक्यावर आलेलेच होते. जपानी विमानं उडाली असती तरी बॉम्ब पडायचे ते पडलेच असते.

टॉर्पेडो विमानांच्या शौर्याबद्दल वाद नाही. 'हॉर्नेट' या अमेरिकी नौकेच्या तुकडीची १५ च्या १५ विमानं गेली, ३० जणांपैकी एक वाचला. पण ती तुकडी डाइव्ह बॉम्बरांच्या तासभर आधी संपली होती, आणि झीरो सात-आठ मिनिटांत सहा हजार मीटर चढते, म्हणजे पुन्हा वर जायला भरपूर वेळ होता. 'यॉर्कटाऊन' या दुसऱ्या अमेरिकी नौकेची टॉर्पेडो विमानं मात्र ऐन वेळी तिथे होती आणि झीरो त्यांच्यामागे लागली, हे खरं. आधीच्या तुकड्यांनी वेगळंच मोलाचं काम केलं: जपानी डेकला उसंत मिळू दिली नाही.

वैमानिकांचं म्हणाल तर जपानचे सुमारे ११० हवाई सैनिक गेले, त्यातले बरेचसे 'हिर्यू' या नौकेचे. ऑक्टोबरमध्ये सांताक्रूझच्या लढाईत त्याहून जास्त गेले, आणि सॉलोमन बेटांवर तर महिनोन्‌महिने गळती लागली होती. मिडवेला भरून न येणारं नुकसान झालं ते चार नौकांचं आणि हँगरमध्ये जळालेल्या शेकडो कसबी तंत्रज्ञांचं. त्यांची आठवण या मजकुराला कधीच नसते.

राहिलं नशीब. ते होतंच. इंधन संपत आलेलं असताना अमेरिकी डाइव्ह बॉम्बरांचे नेते वेड मॅक्लस्की यांना एकटी धावणारी 'अराशी' ही जपानी विनाशिका दिसली आणि तिच्या दिशेने जाता जाता जपानी ताफा सापडला. पण अमेरिकी नौका तिथे दबा धरून होत्या त्या अमेरिकी नौदलाच्या जोसेफ रोशफोर्टच्या चमूने जपानी सांकेतिक संदेश फोडल्यामुळे, आणि कोरल समुद्रात जखमी झालेली 'यॉर्कटाऊन' पर्ल हार्बरच्या गोदीने तीन दिवसांत पुन्हा समुद्रात लोटल्यामुळे.

'आकागी'वर तर अमेरिकी वैमानिक डिक बेस्टची तीनच विमानं झेपावली आणि एकच बॉम्ब थेट लागला. तो मधल्या लिफ्टजवळ डेक फोडून वरच्या हँगरमध्ये फुटला. तिथे इंधन भरलेली, टॉर्पेडो लावलेली विमानं उभी होती, आणि विमानांवरून उतरवलेले बॉम्ब कोठारात परत न नेता बाजूलाच पडले होते. आग आवरलीच नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे जपानी विनाशिकांनीच टॉर्पेडो सोडून ती बुडवली.