कोरड्या डांबरावर फोर-हाय टाकायला कुणी सांगितलं होतं?

डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय. मामाचा पोरगा काल माझी गाडी घेऊन पन्हाळ्याला गेला. मागितली, दिली. पण हा गडी शिवाजी पूल ओलांडल्यापासून वाघबीळचा घाट चढून, गड फिरून घरी येईस्तोवर सगळा वेळ फोर-हायमध्ये, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना देणारा लिव्हर टाकून! ऊन रणरणतंय, पावसाचा थेंब नाही, रस्ता खडखडीत वाळलेला. आणि वर मलाच शिकवतोय, "दादा, फोर बाय फोर टाकलं की गाडी रस्त्याला धरून चालतीया, घाटात सेफ असतंय."

अरे, रस्त्याला धरून चालते म्हणूनच वाट लागते!

जरा समजून घ्या की. वळणावर पुढची चाकं मोठ्या गोलातून जातात, मागची छोट्या गोलातून. अडीच मीटरच्या आसपास व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) असलेली गाडी यू-टर्न घेताना मागच्या अ‍ॅक्सलचा (डावं-उजवं चाक जोडणारा दांडा) मध्य 5 मीटरच्या त्रिज्येतून फिरला, तर तो साधारण 15.7 मीटर चालतो आणि पुढच्या अ‍ॅक्सलचा मध्य 17.5 मीटर. म्हणजे एका यू-टर्नला जवळजवळ 1.8 मीटरचा फरक! डाव्या-उजव्या चाकांतला फरक सांभाळायला दोन्ही अ‍ॅक्सलवर डिफरन्शियल असतो, म्हणजे दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा संच. पण आमच्यासारख्या पार्ट-टाइम फोर बाय फोर (गरज लागली तरच चारही चाकं जोडायची) गाडीत पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये काहीच नसतं. फोर-हाय टाकलं की ट्रान्सफर केस (ताकद पुढं-मागं वाटणारा गिअरचा डबा) दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट (तिथून पुढं-मागं ताकद नेणारे दांडे) एकमेकांना घट्ट बांधून टाकतो. दोघांनी सारखंच फिरायचं. मग हा 1.8 मीटरचा फरक जायचा कुठं?

चिखलात, वाळूत, लाल मातीत चाक थोडं घसरतं आणि विषय मिटतो. तापलेल्या डांबरावर टायर घसरायला तयार नसतो. मग ओला पंचा पिळावा तसा शाफ्टला पीळ बसत जातो आणि त्याचा सगळा ताण क्रॉसवर (शाफ्टच्या सांध्यावर), ट्रान्सफर केसमधल्या चेनवर, गिअरच्या दातांवर. वाघबीळला वळणं काय कमी आहेत?

संध्याकाळी गल्लीच्या तोंडाला गाडी वळवताना टायर कुईंऽऽ कुईंऽऽ करत होते, ते मला घरात ऐकू आलं. बाहेर येऊन बघतोय तर गाडी धक्के खात, थुई थुई उडत पुढं येतीया. स्टेअरिंग दगडासारखं. लिव्हर दोन्ही हातांनी ओढला तरी फोर-हायमधून निघेना. पोरगं म्हणतंय, "लिव्हर खराब झालाय तुझा." काय खराब झालाय रे? चाकं सरळ केली, गाडी चार-पाच हात रिव्हर्स घेतली, खाली 'धाड्' वाजलं आणि लिव्हर दोन बोटांनी सुटला. तो धाड् आवाज पीळ सुटल्याचा होता. पन्हाळ्यावरून येईस्तोवर माझ्या गाडीनं तो अंगावर घेतला होता.

पोराला एकट्याला तरी किती बोलू? गाडी विकणाऱ्यांचाही मला तेवढाच राग आहे. डिलिव्हरीला हार, पेढे, फोटो, सगळं होतं. टचस्क्रीनला फोन कसा जोडायचा हे अर्धा तास दाखवतात. फोर-हाय कोरड्या पक्क्या रस्त्यावर वापरू नका, हे एक वाक्य तोंडातून निघत नाही. मॅन्युअलात असतं, पण ते प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर कोण काढतंय? माझ्या वेळी तर विकणाऱ्यानंच "हायवेला पण टाका, ग्रिप वाढते" असं सांगितलं होतं. धडधडीत चुकीचं! लोकांच्या कष्टाचे लाखो रुपये गुंतलेले असतात यात.

आणि "माझ्या मित्राची फोर बाय फोर कायम चारही चाकांवर चालते, तिला काही होत नाही" हे कृपा करून मला सांगू नका. तिच्यात मध्ये सेंटर डिफरन्शियल नाहीतर क्लच असणार, पुढच्या-मागच्या चाकांचा फरक तो सांभाळतो. ती सिस्टीम वेगळी, ही वेगळी. बाहेरून दोन्हीच्या पाठीवर 4×4 चा स्टिकर, एवढंच सारखं. पार्ट-टाइमवाल्यांनी तर दोनच टायर नवे आणि दोन झिजलेले ठेवून फोर-हाय टाकलं, तर सरळ रस्त्यावरसुद्धा पीळ भरतो, कारण चाकांचा घेर सारखा राहत नाही.

पावसाळ्यात उसाच्या फडाकडं जाणाऱ्या पाणंदीत टाका की बिनधास्त! तिथं मीच टाकतो, त्यासाठीच घेतलीया गाडी. पाणंद संपून डांबर लागलं की टू-हाय, म्हणजे ताकद दोनच चाकांना. एवढंच करायचंय.

उद्या सकाळी उद्यमनगरात गॅरेजला गाडी लावतोय. ट्रान्सफर केसचं ऑइल काढून त्यात धातूचा चुरा आलाय का बघायचं, दोन्ही शाफ्टचे क्रॉस हलवून बघायचे. काही निघालं, तर बिल घेऊन सरळ मामांच्या दारात जाणार आहे. मामी कितीही म्हणू दे, "लेकरू आहे, जाऊ दे."