चहा आधी, गम नंतर

आज संध्याकाळी टपरीवर एक पोरगा पाहिला. हातात कटिंग, तोंडात सिगारेट सोडायला घेतात ते निकोटिनचं गम, आणि चघळणं असं कचाकचा की स्लिपमधला फील्डर परवडला. दोन मिनिटांत उचक्या सुरू. थुंकला, म्हणाला, "तीन दिवस घेतोय, भंकस आहे हे," आणि एक सुट्टी सिगारेट घेऊन दोरीला लटकवलेल्या लायटरवर पेटवली. सोबतचा हसून म्हणतो, "विलपॉवर लागते भावा."

डोकंच फिरलं. अरे, सिगारेट सोडल्यावर तलफ सगळ्यात जोरात असते ती पहिल्या दोन-तीन दिवसांतच. पोरगा घाट चढून आला होता!

हे गम च्युइंगमसारखं चघळायचं नसतंच मुळी. सावकाश चावायचं, तोंडात झिणझिण्या आल्या की थांबायचं आणि गाल-हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं, तंबाखूची चिमूट ठेवतात तसं. झिणझिण गेली की परत थोडं चावून दुसऱ्या बाजूला. एक गम अर्धा तास चालतं. निकोटिन गालाच्या आतून रक्तात जातं. कचाकचा चावलं की ते थुंकीबरोबर पोटात उतरतं. तिथून फायदा थोडा, उचकी आणि जळजळ मात्र भरपूर. त्यावर चहा, कॉफी, कोल्ड्रिंक घेतलं की तोंडात आम्ल वाढतं आणि निकोटिन नीट शोषलंच जात नाही. म्हणून आधी 15 मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत फक्त पाणी. पोराच्या हातात काय होतं? कटिंग.

दुसरी चूक मात्रेची. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली पेटवणाऱ्याला 4 मिलिग्रॅम लागतं, बाकीच्यांना 2. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन-चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे चार-आठ तासांनी. दिवसाला 24 च्या वर नाही. लोक दिवसभरात दोन घेतात, आठवड्यात सोडतात आणि गमच्या नावाने खडे फोडतात. (हृदयाचा त्रास असेल, दिवस गेले असतील तर आधी डॉक्टर.)

आणि चहा तसाही निम्मा करा. सिगारेटच्या धुरामुळे शरीर कॅफिन लवकर संपवतं. सिगारेट बंद झाली की तेच चार कप जास्त चढतात. झोप उडते, हात थरथरतात आणि माणूस म्हणतो, "सोडल्यामुळे होतंय, एक ओढतोच."

एका झटक्यात, कशाच्याही मदतीशिवाय सोडणारे असतात. बरं, मान्य. पण मग बाकीच्यांना हसायचं?

सुट्टी सिगारेट विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर 2020 पासून बंदी आहे, आणि टपरीवर ती उघड्यावर मिळते. टपरीवाल्याचं पोट आहे, ठीक. पण सोडण्यासाठी मोफत सल्ल्याचा 1800-11-2356 हा नंबर छापतात पाकिटावर, आणि एकेक सुट्टी घेणाऱ्याच्या हातात पाकीट येतच नाही!

असो. त्या पोराने उरलेली स्ट्रिप फेकली नाही. सिगारेट अर्धीच ओढली, स्ट्रिप दोनदा उलटसुलट करून पाहिली आणि शर्टाच्या खिशात घातली. परत दिसला तर सांगणार आहे, बाबा रे, चहा निवांत पी, मग पंधरा मिनिटं थांब, मग काढ ती खिशातून.