केवळ आइनस्टाइन यांच्या पत्रातून अणुबॉम्ब जन्मला नाही

‘आइनस्टाइन यांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना पत्र लिहिले आणि अमेरिकेने तातडीने अणुबॉम्बचे काम हाती घेतले, ऑस्ट्रेलियन भौतिकशास्त्रज्ञ मार्क ऑलिफंट हे त्यात फार तर निरोप्ये होते’, असे विधान सर्रास फिरते आहे. त्यातले पत्र तेवढे खरे आहे.

2 ऑगस्ट 1939 ही तारीख असलेले ते पत्र रूझवेल्ट यांच्यापर्यंत ऑक्टोबरात पोहोचले आणि लायमन ब्रिग्ज यांच्या अध्यक्षतेखाली युरेनियम समिती नेमली गेली, हेही खरे. पण तिच्या वाट्याला सुरुवातीला आलेली रक्कम अवघी 6,000 डॉलर होती. तातडी ती कुठली?

थोडक्या युरेनियम-235 पासून (युरेनियमचा सहज विखंडन होणारा, दुर्मिळ प्रकार) बॉम्ब होऊ शकतो, हे गणित तर अमेरिकेत मांडलेच गेले नाही. मार्च 1940 मध्ये ते बर्मिंगहॅम विद्यापीठात, ऑलिफंट प्रमुख असलेल्या विभागात, ओटो फ्रिश आणि रुडॉल्फ पायर्ल्स या निर्वासितांनी केले. त्यांचा सुमारे एक किलोचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच कमी निघाला, परंतु बॉम्ब आवाक्यातला आहे हे त्यातून प्रथमच दिसले. ऑलिफंट यांनी ते टिपण ब्रिटिश सरकारचे वैज्ञानिक सल्लागार हेन्री टिझार्ड यांच्याकडे दिले, त्यातून बॉम्बची शक्यता तपासणारी ब्रिटिश ‘मॉड’ समिती उभी राहिली आणि जुलै 1941 मध्ये तिने बॉम्ब शक्य असल्याचा निर्वाळा दिला.

हे अहवाल वॉशिंग्टनला जाऊनही तिकडून काही हालचाल दिसेना. ऑगस्टमध्ये रडारच्या कामानिमित्त अमेरिकेत गेलेल्या ऑलिफंट यांना कळले, की ब्रिग्ज यांनी ते कागद सहकाऱ्यांना न दाखवता तिजोरीत ठेवून दिले आहेत! मग त्यांनी समितीपुढे थेट बॉम्बचाच विषय काढला आणि बर्कलीला जाऊन अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ अर्नेस्ट लॉरेन्स यांना पटवले. लॉरेन्स यांनी तो पुढे अमेरिकेच्या युद्धसंशोधनातले वजनदार शास्त्रज्ञ कॉम्प्टन आणि कोनंट यांच्याकडे लावून धरला. ‘ऑलिफंट नसते तर बॉम्बच झाला नसता’ असे म्हणणे मात्र दुसऱ्या टोकाला जाणे होईल. काम लवकर मार्गी लागले, एवढेच निश्चित सांगता येते.

राहता राहिले ‘निरोप्ये’. 1934 मध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत रदरफोर्ड आणि पॉल हार्टेक यांच्यासह ड्युटेरियमवर (जड हायड्रोजनवर) ड्युटेरियमच्याच अणुकेंद्रांचा मारा करून ट्रिटियम (हायड्रोजनचा आणखी जड प्रकार) आणि हीलियम-3 (हीलियमचा हलका प्रकार) ओळखणारे हेच ते ऑलिफंट. युद्धकाळात लॉरेन्स यांच्यासोबत ते युरेनियमच्या विद्युतचुंबकीय विलगीकरणावर, म्हणजे चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने युरेनियम-235 वेगळे काढण्यावर, राबले. हिरोशिमानंतर मात्र अण्वस्त्रांना त्यांनी उघड विरोध केला, आणि ज्या देशाला बॉम्बसाठी त्यांनी जागे केले होते, त्याच अमेरिकेचा व्हिसा 1951 मध्ये त्यांना मिळाला नाही.