रोडसाठी निधी आहे, मग पाणी मुरवायला का नाही?

यावर्षी पुन्हा तेच झालं, झडी लागली तीन दिवसांची आणि खालच्या वस्तीतल्या लोकांच्या घरात पाणी. दरवर्षी सगळे म्हणतात पाऊसच जास्त झाला, पण मला ते पटत नाही. आपण गावाची जमीनच अशी करून ठेवली की पाण्याला मुरायला जागा नाही. जुन्या रोडवर नवा सिमेंट रोड टाकला, मग पुन्हा त्याच्यावर एक, आता कितीतरी घरांचे ओटे रोडच्या खाली गेले, लोकं दारात विटा रचून पाणी अडवून राहिले. नाली बांधली ती उतारानं सरळ खालच्या वस्तीकडे काढून दिली, म्हणजे वरच्या गल्लीचा त्रास खालच्यांच्या डोक्यावर. आणि तिथं राहते कोण हे सांगायची गरज नाही, मजुरी करणारी माणसं, कुडाची घरं, एकदा पाणी शिरलं की तांदूळ, गहू, पोरांची पुस्तकं सगळं गेलं.

माझं म्हणणं एकच आहे. पाणी गावाबाहेर पळवायला पैसा लावतो त्यातला थोडा ते गावातच मुरवायला लावा. पाऊसबाग करा, म्हणजे पावसाचं पाणी मुरवणारा झाडांचा खोलगट वाफा. 1990 च्या सुमारास अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, प्रिन्स जॉर्जेस काउंटीत नवीन वसाहतीत घरोघरी अशा बागा केल्या, तेव्हापासून तिकडे ही पद्धत चालू आहे. फार मोठं काम नाही हे. छपराचं नाहीतर रोडचं पाणी जिथं येते तिथं उथळ खोलगट वाफा करायचा, वीतभर पाणी उभं राहील एवढा, खाली रेती आणि शेणखत मिसळलेली माती भरायची, वर वाळा, कर्दळ, लव्हाळा अशी पाण्यात आणि उन्हातही तगणारी झाडं लावायची. जास्तीचं पाणी जायला एका बाजूनं सांडवा ठेवायचा. घराच्या भिंतीपासून दहा फूट तरी दूर, आणि सांडपाणी त्यात सोडायचं नाही, त्याला शोषखड्डा वेगळा.

आता कोणी म्हणेल आपली काळी माती, तिच्यात काय मुरणार. बरोबर आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पहिला पाऊस गटागट पिते आणि मग फुगून बंद होते. म्हणूनच ती काढून मुरूम लागेपर्यंत खोदावं लागते. जिथं काळी लय खोल आहे तिथं ही बाग करूच नये, दुसरी जागा पाहावी. डासांचं म्हणाल तर अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर लागतो, आणि नीट केलेल्या बागेत पाणी एक-दोन दिवसांच्या वर थांबत नाही. आज नालीत महिनोन् महिने तुंबून राहते ते चालते का आपल्याला?

शाळेचंच घ्या. दोन हजार चौरस फुटाचं छप्पर असलं आणि 50 मिलिमीटर पाऊस पडला तर नऊ हजार लिटरच्या वर पाणी होते, एका दिवसात, एका छपराचं. आपल्या शाळेचं हे सगळं पाणी पाइपातून धो धो मैदानात पडते, तिथून रोडवर आणि रोडवरून खाली वस्तीत.

पैसा नाही हे तर कोणी सांगूच नये. 2021 ते 2026 साठी पंधराव्या वित्त आयोगानं ग्रामपंचायतींना जो निधी ठरवला त्यातला 60 टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामालाच वापरायचा, ठेवला होता, त्यातला अर्धा पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं-मुरवणं याच्यासाठी. अर्धा स्वच्छतेसाठी. म्हणजे कागदावर सोय असते, आराखड्यात काम घेतलं पाहिजे. पण आपल्याकडे 2515 चा, म्हणजे गावातल्या मूलभूत सोयींसाठीचा राज्य सरकारचा निधी आला की रोड, आमदार निधी आला की रोड, कारण रोडवर नारळ फोडता येतो, बोर्ड लावता येतो. इस्टिमेट तयार असते, बिल लवकर निघते. वाफ्याचं इस्टिमेट करायला कोणाला वेळ नाही. आणि बाग करून सोडून दिली तरी उपयोग नाही, गाळ काढायला, गवत निंदायला दरवर्षी थोडी तरतूद त्याच ठरावात पाहिजे, बचत गटाच्या बायांना ते काम द्या, मजुरी द्या, फुकट सेवा म्हणून त्यांच्या गळ्यात घालू नका.

वर्षातून चार ग्रामसभा कायद्यानं घ्याव्याच लागतात. दोन ऑक्टोबरच्या सभेत पुढच्या वर्षाच्या आराखड्याचा विषय राहतो, तेव्हा कोरम नाही, पुरेशी माणसं नाहीत म्हणून तहकूब होऊ देऊ नका, खालच्या वस्तीतल्या बायांनी तर यावंच यावं. सरपंच आणि सचिव साहेबांना मी लेखी अर्ज देऊन राहिलो, शाळेमागची जागा आणि नालीचं शेवटचं टोक, दोन ठिकाणं. रविवारी सकाळी शाळेमागं दीड फूट खड्डा खोदून त्यात पाणी भरून पाहू, दुसऱ्या दिवसापर्यंत किती मुरते ते. फावडं माझ्याकडे आहे, येणाऱ्यानं एकेक बादली घेऊन यावं.