‘गॅस’वाल्या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

प्राचीन ग्रीसमधल्या डेल्फीच्या देवळात अपोलो देवाचा कौल सांगणाऱ्या पिथिया या पुजारिणीवरच्या माझ्या लेखावर आपण लिहिता, “डेल्फीची पिथिया भेगेतल्या गॅसने झिंगून बरळायची, पुजारी त्याच्या कविता करून पैसे उकळायचे, हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. लेखकाने निदान गुगल करावं.” शाळकरी पोराला ठाऊक असणं हा पुरावा कधीपासून झाला? प्लुटार्क हा प्राचीन ग्रीक लेखक मी मूळ ग्रीकमधून वाचतो; गुगलचा सल्ला दुसऱ्या कुणाला द्या.

एक मान्य. २००१ सालचं संशोधन लेखात यायला हवं होतं. देवळाखाली दोन भ्रंश, म्हणजे खडकांतल्या मोठ्या भेगा, एकमेकांना छेदतात आणि झऱ्याच्या पाण्यात एथिलीन या झिंग आणणाऱ्या वायूचा अंश सापडतो, असं त्यात म्हटलं होतं. मात्र २००६ साली दुसऱ्या गटाला तिथे मुख्यतः मिथेन मिळाला. झिंग आणण्याइतकं एथिलीन तिथे तयार होणं त्यांना संभवनीय वाटलं नाही. हे गुगलवर दिसलं नाही वाटतं.

आता ‘झिंगून’. प्लुटार्क स्वतः डेल्फीचा पुजारी होता. सुगंध यायचा असं तो सांगतो, पण क्वचित, अनियमित, आणि तोही कौल घ्यायला आलेल्यांना बसवायच्या खोलीत. मग तेही झिंगायला हवे होते! कौल मात्र ठरल्या दिवशी, महिन्यातून एकदा. हिवाळ्यात अपोलो बाहेरगावी, म्हणून तीन महिने बंद. आधी बळीच्या बकऱ्यावर गार पाणी ओतायचं. तो पायापासून सबंध थरथरला तरच पिथिया आत जाणार; नुसती मान हलवली तर नाही. एकदा परदेशी शिष्टमंडळापुढे बकरा हलेना, म्हणून पुजाऱ्यांनी त्याला पाण्याने पार भिजवून काढलं आणि तिला नाखुशीनेच आत पाठवलं. पहिल्याच उत्तरांत तिचा आवाज घोगरा झाला. शेवटी ती किंचाळत दाराकडे धावली आणि कोसळली. पाहुणे पळाले, निकान्द्रोस हा पुजारीही पळाला. थोड्याच दिवसांत ती वारली. विधी बिघडला की काय होतं, याचं उदाहरण म्हणून प्लुटार्क हे सांगतो. तुम्ही तोच रोजचा कारभार समजता.

कवितांचं म्हणाल तर प्लुटार्कच्या काळी उत्तरं गद्यात यायची. पद्य का थांबलं यावर त्याचा अख्खा संवाद आहे. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसही उत्तरं थेट पिथियाच्या तोंडी घालतो.

लाचेचं हिरोडोटसच लिहून गेलाय: स्पार्टाचा राजा क्लिओमेनीसच्या प्रकरणात पेरिआल्ला नावाच्या पिथियाचं पद गेलं. बाकीच्या चार ओळींत फक्त माझी लायकी काढली आहे. त्यांना उत्तर देत नाही.