कंपनी बदलवाची आहे

माझा मेहुणा इंग्लंडात राहतो आणि दरवर्षी वीज कंपनी बदलतो. घरगुती ग्राहकाला ही मोकळीक तिकडे १९९९पासून आहे. सगळ्या कंपन्यांचे दर समोर मांडायचे, स्वस्त दिसेल तिच्यावर बोट ठेवायचं, की कामाच्या पाच दिवसांत तुम्ही नव्या घरचे. तार तीच, मीटर तेच, फक्त बिलावरचं नाव बदलतं. मन फिरलं तर चौदा दिवसांत माघारही घेता येते. हे सगळं तो व्हिडिओ कॉलवर सांगत होता तेव्हा त्याच्या अंगात स्वेटर होता. माझ्या अंगात बनियन होतं आणि हातात एप्रिलचं बिल.

"तुम्ही काहून नाही बदलवत, भाऊजी?" त्यानं विचारलं.

२०२१मध्ये गॅसचे भाव भडकले तेव्हा तिकडच्या दोन डझनांहून जास्त कंपन्या बुडाल्या आणि त्यात याची 'सगळ्यात स्वस्त' कंपनीही होती, हे तो सांगत नाही. ते मला बायकोनं सांगितलं. नियामकानं त्याला परस्पर दुसऱ्या कंपनीच्या पदरात टाकलं म्हणे. घरात अंधार मात्र झाला नाही, हे कबूल करावं लागतं.

आमच्या नागपूरकरांचीही कंपनी एकदा बदलली होती बरं का. २०११ ते २०१९ या काळात महाल, गांधीबाग आणि सिव्हिल लाइन्स या तीन विभागांतलं वीज वितरण एका खासगी फ्रँचायझीकडे होतं. दर मात्र तेच, कारण दर ठरवतो वीज नियामक आयोग. म्हणजे मेहुण्याकडे नाव बदललं की रक्कम बदलते, आमच्याकडे नुसतं नाव बदललं. उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा ही कोळशावरची वीजकेंद्रं धूर सोडून राहिली आहेत, एकट्या कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत. वीज आमच्या अंगणात तयार होते, राख आमच्या गच्चीवर पडते. शेजारधर्म म्हणून तरी युनिटमागे काही सूट असावी, असं मला दर उन्हाळ्यात वाटतं.

तरी मेहुण्याचं बोलणं डोक्यात बसलं होतं. वीज कार्यालयात गेलो. खिडकीत एक तरुण पोरगा होता.

"कंपनी बदलवाची आहे."

"नाव बदलवाचं आहे का? त्याचा फॉर्म बाजूच्या खिडकीत."

"माझं नाही बाबू, तुमचं."

त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाहेरच्या उन्हाकडे. मे महिन्यात अशी माणसं येत असावीत. पोरगा चांगला होता, बसवून समजावलं. मुंबईच्या उपनगरांत दोन कंपन्या आहेत, तिथले लोक इकडून तिकडे जाऊ शकतात. आपल्याकडे घरगुती ग्राहकाला एकच. दुसऱ्याकडून वीज घ्यायची तर २००३च्या कायद्यात मुक्त प्रवेश आहे, पण तो एक मेगावॅटच्या वरच्यांना.

"तुमचा मंजूर भार किती, काका?"

बिलावर पाहिलं. तीन किलोवॅट.

"मग नऊशे सत्त्याण्णव कमी पडून राहिले."

हरित ऊर्जेसाठी २०२२पासून ही मर्यादा शंभर किलोवॅटवर आणली आहे, असंही त्यानं सांगितलं. म्हणजे सत्त्याण्णवच कमी. बर्डीच्या सिग्नलवर उभ्या उभ्या मी हिशोब केला: दीड टनाचा एसी साधारण दीड किलोवॅट ओढतो, तर पासष्टेक एसी बसवले की मला कंपनी बदलवता येते.

निघताना त्या पोरानं जे सांगितलं, त्यानं घात केला. "कंपनी नाही तर वेळ बदलवा ना, काका. तुमच्याकडे टीओडी मीटर लागलं आहे, कोणत्या वेळी किती वीज वापरली ते मोजणारं. १ जुलै २०२५पासून सकाळी नऊ ते संध्याकाळी पाचच्या वापरावर युनिटमागे ऐंशी पैसे ते एक रुपया सूट आहे."

हे मी घरी बोलायला नको होतं, असं नाही. मी बोललोच नाही. बायकोला आधीच माहीत होतं. ती फक्त मी रिटायर व्हायची वाट पाहत होती.

आता वॉशिंग मशीन, इस्त्री, मिक्सर, टाकीचा पंप, सगळं नऊ ते पाच. आणि नऊ ते पाच घरात मोकळा माणूस कोण, तर मी. बँकेत निदान किरकोळ रजा होती. भर दुपारी, बाहेर शेहेचाळीस असताना, मी चादरींना इस्त्री करतो. शेवटी जुन्या सवयीनं कागद घेऊन बसलो. एका धुण्याला अर्धा युनिट, म्हणजे बचत चाळीस पैसे. मिक्सर पाच मिनिटं, म्हणजे चटणीमागे पाच पैसे. "खरा खर्च रात्रीच्या एसीचा आहे," मी म्हटलं, "आणि त्याला सूट नाही."

"मग झोपत जा ना दुपारी," ती म्हणाली. "इस्त्री झाल्यावर."

खरी मेख स्लॅबमध्ये आहे. शंभर युनिटांपर्यंत दर नरम, एकशे एकाव्या युनिटापासून जवळपास दुप्पट, आणि वरून सगळ्यावर सोळा टक्के वीज शुल्क. म्हणून एसी बंद, कूलर सुरू. कूलर पाच तासांत जेवढी वीज खातो, तेवढी एसी चाळीस मिनिटांत. पण एसीला रिमोट पुरतो, कूलरला माणूस लागतो. सकाळी पाइप लावून टाकी भरा. वाळ्याच्या ताट्या भिजल्या की पहिली पाच मिनिटं जो वास येतो, त्यासाठी मी अजून शंभर चादरी इस्त्री करीन. सहाव्या मिनिटाला पंप गुरगुरतो. बोअरच्या पाण्यानं त्याच्या तोंडाशी पांढरा थर धरलेला असतो, तो काडीनं खरवडायचा, नळी उपसून फुंकायची, की सगळं पाणी आपल्या बनियनवर.

एवढं करण्यापेक्षा सोलर काय वाईट, म्हणून एकाला बोलावलं. तीन किलोवॅटला केंद्राचं अनुदान अठ्ठ्याहत्तर हजार, जागा तीनशे चौरस फूट. मी म्हटलं, नागपूरचं ऊन आहे, शेहेचाळीस डिग्रीत तर वीज उतू जाईल. तो हसला. "काका, पॅनेलला उजेड पाहिजे, गरमी नाही. पंचवीस डिग्रीच्या वर तापलं की दर डिग्रीला ताकद कमी होते." म्हणजे मे महिन्यात पॅनेलचीही आमच्यासारखीच गत.

मग तो टेप घेऊन गच्चीवर चढला. तिथे जुन्या साड्यांवर कुरडया, मुगवड्या आणि साबुदाण्याच्या चकल्या वाळत होत्या. बायको छत्री घेऊन राखणीला.

"ऊन आधी माझं," ती म्हणाली.

"काकू, वर उंच स्टँड देतो. खाली तुमचं वाळवण राहू द्या."

"खाली सावली पडन. कुरडई सावलीत वाळते का, बाबू?"

त्यानं टेप गुंडाळला. "मग वाळवण झाल्यावर येऊ? पावसाळ्याच्या तोंडावर?"

"ये ना. पण नऊ ते पाचमध्येच येजो. ड्रिल मशीन आमच्याच लाइनीवर लावशीन ना?"