‘ज्याचं त्यानं पाहावं’ म्हणणाऱ्या ग्रुपला

गावच्या ग्रुपवर गेल्या पंधरवड्यात (मार्च 2021) कोरोनाबद्दल एकच मजकूर मला चौघांकडून आला. थोडक्यात असा: ‘म्हातारे-आजारी घरात बसवा, बाकीच्यांना मोकळं फिरू द्या. हा शहरातला रोग, आपण उन्हातान्हातली काटक माणसं. ज्याला भेव वाटते त्यानं मास्क लावावा. ज्याची वेळ भरली तो तसाही जाणारच.’ पाठवणारे कोणी परके नाहीत, एक तर माझा चुलतभाऊ आहे. म्हणून इथंच उत्तर देतो.

‘शहरातला रोग’ हे मागच्या वर्षी म्हटलं तर एक वेळ चाललं असतं. तेव्हा पुण्या-मुंबईहून परतणाऱ्यांना अडवायला आपण शिवेवर बांबू आडवे टाकले होते. यंदा काय झालं? 22 फेब्रुवारीला, 2021 सालात, लॉकडाऊन लागला तो अमरावती आणि अचलपुरात. त्या वेळी मुंबई-पुणं सुरू होतं. अमरावतीहून आपल्याकडे यायला एक काळीपिवळी पुरते, आणि तिच्यात आपण काचा लावून किती जण कोंबून बसतो हे मी सांगायला नको. 15 जानेवारीच्या ग्रामपंचायतीच्या मतदानाआधी तर दारोदार फिरलो. मीही फिरलो, पत्रकं वाटली, चहा प्यालो.

काटकपणाचं म्हणाल तर अर्धी गोष्ट खरी आहे. उघड्या वावरात हरभरा सोंगताना धोका कमी, कारण वारा खेळता असतो. ऊन अंगात मुरल्यानं मात्र काही होत नाही. बाहेर 45 अंश असो की 15, विषाणू राहतो तो माणसाच्या शरीरात, आणि तिथलं तापमान 37च्या आसपासच असतं. वावरात जाताना ऑटोत दाटीवाटी, आल्यावर टपरीवर बैठक, आणि सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याची एकच पन्नी सहा जणांत. प्रत्येक जण त्याच पन्नीत बोटं घालतो, तीच बोटं तोंडात. काटकपणा तिथं कुठं कामी येतो ते मला कळलेलं नाही.

आता मुख्य मुद्दा, ‘घरात बसवा’. कोणत्या घरात? आपल्यातल्या बहुतेकांच्या दोन खोल्या आणि एक ओसरी. बुढीची बाज ओसरीत असते, येणारा-जाणारा तिच्यापासून दोन हातांवरून जातो. तिला पाणी तुम्ही देता, शुगरची गोळी तुम्ही देता, पाठ तुम्ही चोळता. ती उंबरा ओलांडत नाही हे खरं, पण तुम्ही दिवसातून दहा वेळा ओलांडता. आणि जिला पाणी द्यायला घरी कोणीच नाही, तिनं काय करायचं? निराधार योजनेचे पैसे काढायला तिला बँकेतच जावं लागते आणि त्या रांगेत उभंही राहावं लागते, तुम्हा-आम्हा ‘मोकळ्या’ लोकांच्या मधोमध.

शिवाय कमजोर कोण, हे या मजकुरानं परस्पर ठरवून टाकलं आहे. माझ्या भाचीला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, एसएस पॅटर्नचा, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेला. वय 19. रस्त्यानं चालताना पाहाल तर कोणी आजारी म्हणणार नाही. ऑक्सिजन कमी पडला की तिच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं फोडल्यासारख्या कळा येतात. छातीत संसर्ग झाला तर प्रकरण जिवावर बेतू शकते. विदर्भात, विशेषतः पूर्वेकडे, असे रुग्ण गावोगाव आहेत. 1 मार्च 2021पासून 60 वर्षांवरच्यांना लस सुरू झाली, शिवाय ठरावीक 20 आजारांपैकी एखादा असलेल्या 45 ते 59 वयाच्यांना. त्या यादीत सिकलसेल होता, पण भाचीचं वय बसत नव्हतं. म्हणजे त्या टप्प्यात तिच्या वाट्याला लस नव्हती. तिच्याजवळ येणाऱ्यानं तोंड झाकलेलं असणं, एवढंच तिच्या हाती होतं, आणि तेही तुमच्या हातात.

‘भेव वाटते त्यानं मास्क लावावा’ याचं उत्तर यातच आलं. ठसका लागायच्या दोन दिवस आधीपासून माणूस रोग पसरवू शकतो, स्वतःला पत्ता नसताना. मास्क त्याच्या तोंडावर असला तर थुंकीचे थेंब बाहेर पडतानाच अडतात. समोरच्या एकट्यानं लावला तर तेवढा उपयोग होत नाही.

वेळ भरल्याचं बोलायला मला रस नाही. साप चावलेल्या माणसाला आपण वेळ भरली म्हणून पारावर ठेवत नाही, रात्री दोन वाजता गाडी काढतो.

एक गोष्ट मात्र त्या मजकुरात खरी आहे: बंद केलं की हातावर पोट असणारा मरतो. मागच्या उन्हाळ्यात मजुरांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. त्यामुळे गाव बंद करा असं मी म्हणत नाही. काम चालू द्या, बसणं थोडं आवरा. ज्या पोरांकडे मोबाइल आहे त्यांनी शेजारच्या बुढा-बुढीची लसीची नोंदणी करावी, गाडीवर बसवून केंद्रावर न्यावं. आशाताई एकटी किती घरं करणार? तिच्यावर ओरडण्यापेक्षा तिच्यासोबत दोन गल्ल्या फिरा.

परवा आमच्या गल्लीत तेरवी आहे. घरच्यांशी बोलणं झालं. पंगत अंगणात, माणसं मोजकी, आणि म्हाताऱ्यांची ताटं घरपोच. ताटं पोचवायचं चुलतभावानं अंगावर घेतलं, मास्क लावून. ग्रुपवरचा त्याचा मेसेज मात्र अजून तसाच आहे, आणि खाली त्याचाच अंगठा.